चार दिवसांचा पाऊस

आमच्या अंगणात दोन देव होते. एक तुळस आणि दुसरा पर्जन्यमापक. तुळस सगळ्यांच्याच अंगणात असते. दुसरा देव सरकारने दिलेला होता आणि मला त्याच्याबद्दल सांगायचं आहे, कारण त्याच्यापायी माझ्या आईचं सतरा वर्षांचं काम बुडालं आणि बुडवणाऱ्यांत मीही होते.

पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की घाट चढायच्या आधी आमचं गाव. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. पाऊस मोजणाऱ्या खात्याला गाव न सोडणारा आणि अक्षर बरं असलेला माणूस हवा होता, तो त्यांना वडिलांत सापडला. शाळेला लागून आमची राहायची जागा, तिच्या अंगणात सिमेंटचा बुटका ओटा बांधून त्यावर जस्ती पत्र्याचं नळकांडं बसवलं गेलं. वर नरसाळं, आत बाटली आणि सोबत रेघा आखलेला काचेचा पेला. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी पेल्याने मोजायचं, आकडा छापील तक्त्यात लिहायचा आणि महिना संपला की सही करून तक्ता पाठवायचा. एवढंच काम.

वडिलांनी ते पुरता एक महिना केलं. मग साडेआठ वाजता त्यांची दाढी व्हायची असायची, कधी कुणी दाखला मागायला आलेलं असायचं, आणि पेला आईच्या हातात गेला तो गेलाच. सही मात्र शेवटपर्यंत वडिलांची.

आई लग्नाआधी कॉलेजात एक वर्ष सायन्स शिकली होती. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी स्थळ आलं. ते वर्ष ती आयुष्यभर पुरवून पुरवून वापरत होती. दूध का उतू जातं, लोणच्याला बुरशी का धरते, सगळ्याला त्या एका वर्षातलं उत्तर. पेला मिळाल्यावर ती जेवढी खुलली तेवढी लग्नातल्या शालूनेही खुलली नव्हती, असं वडीलच थट्टेने सांगत.

आणि मोजायची कशी! पेला अंगणात नाही, पडवीतल्या सपाट फळीवर ठेवायचा. मग गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. काचेला चिकटून पाणी कडेला वर चढतं, मध्ये खाली असतं. "कड बघायची नाही, तळ बघायचा," हे मी अ आ इ ई च्या आधी शिकले असेन. पेला वीस मिलिमीटरचा आणि आमच्याकडचा पाऊस तीनतीनशेचा. अशा दिवशी बाटली भरून वाहायची आणि उरलेलं पाणी बाहेरच्या नळकांड्यात उतरायचं. आई आधी बाटली मोजायची, मग नळकांडं, आणि दर पेल्याला भिंतीवर कोळशाची एक रेघ. "पंधरा पेले आणि वर बारा," असं म्हणून ती उठायची तेव्हा तिचे गुडघे ओले असत आणि चेहरा असा, की पाऊस तिनेच पाडला.

हे आकडे ती नुसते लिहून सोडून देत नसे. घाटात इतका पडला की महाडात सावित्री किती वाजता चढते याचा तिचा अंदाज बसला होता. आमच्याकडून एक भाजीवाली डोक्यावर टोपली घेऊन महाडच्या बाजाराला जायची. ती आधी आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबायची.

"मास्तरीनबाय, आज जाऊ काय गो म्हाडला?"

आई तक्त्यावर बोट ठेवून सांगायची, "आज नको. दुपारी बाजारपेठेत पाणी येईल."

"मंग नाय जात," म्हणून ती परत फिरायची. संध्याकाळच्या एस.टी.ने आलेले लोक सांगायचे की बाजारपेठेत गुडघाभर पाणी आहे. वडील हसून म्हणायचे, "आमच्या घरात वेधशाळा आहे." ते थट्टेने म्हणत. भाजीवाली थट्टेने विचारत नव्हती.

आता त्या चार दिवसांचं. यंत्र बसलं तेव्हा पावसाळा सरत आला होता, आणि पहिल्याच खंडेनवमीला आईने त्याची पूजा केली. सुतार करवतीची करतो, शेतकरी नांगराची करतो, वडिलांनी शाळेच्या घंटेची केली, मग आईने आपल्या यंत्राची का करू नये? नळकांड्याला हळदकुंकू, नरसाळ्याला झेंडूची माळ. त्याला वाहायला तिला नारळही मिळाला. पुढच्या आठवड्यात तिची पाळी आली, आणि सकाळी साडेआठला वडील म्हणाले, "अगं, पूजेतल्या वस्तूला कशी शिवतेस?"

झालं. तिनेच त्याला देव केलं आणि तिलाच त्याची बंदी झाली. घरात सासू नव्हती, नणंद नव्हती, भांडायला कुणी नव्हतंच. नियम तेवढा होता. महिन्याचे चार दिवस आई मागच्या पडवीत बसायची, पोत्यावर निजायची, आणि यंत्र पुढच्या अंगणात. पाचव्या दिवशी न्हाऊन आली की आधी तुळशीला पाणी आणि मग यंत्र. मला आजही राग येतो तो याचा, की तिला ते चुकीचं वाटत नव्हतं. तिला फक्त आकड्यांची काळजी वाटायची.

कारण त्या चार दिवसांत आकडे वडील घेत. पाऊस थोडा असेल तर ते अंगणात उतरतच नसत, 'निरंक' लिहून मोकळे. मोठा असेल तर बाटली मोजत आणि नळकांड्यातलं पाणी झाडाला ओतून टाकत. मागच्या पडवीतून आई ओरडायची, "बाहेरचंही बघा हो!"

"बघितलं, बघितलं."

तक्त्यात आईचे आकडे दोनशे सत्त्याऐंशी, त्र्याण्णव, एकशे सहा असे असत, आणि मध्येच चार दिवस पन्नास, पन्नास, निरंक, पंचाहत्तर. वडील वाईट नव्हते. अख्ख्या तालुक्यात त्यांच्याइतकं जीव तोडून गणित शिकवणारा मास्तर नव्हता. पाऊस मोजणं त्यांना काम वाटत नव्हतं, इतकंच. आणि मी का नाही घेतले आकडे? लहान होते तेव्हा पेला फुटेल म्हणून हात लावू देत नसत. मोठी झाले तेव्हा सातच्या एस.टी.ने महाडला शिकायला जायची. रविवारी घ्यायचे, तेही चिडचिड करत. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

आईने त्यावर आपला उपाय काढला. वनस्पती तुपाचा सरळ उभ्या बाजूंचा रिकामा डबा तिने मागच्या अंगणात, झाडापासून लांब, दगडांच्या बेचक्यात ठेवला. डबा सरळ असेल तर त्यात जितकं पाणी उभं राहील तितकाच पाऊस, पेल्याची गरज नाही. शाळेतली जुनी फूटपट्टी डब्यात उभी धरायची आणि ओली रेघ वाचायची. डबा काही पूजेतला नव्हता. ते आकडे ती शाळेतल्या मुलांच्या संपलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायची, मग ती पानं दाभणाने शिवून तिने एक वही केली. तारीख, डब्यातला आकडा, आणि पुढे वडिलांनी लिहिलेला आकडा. सतरा पावसाळ्यांचे, दर महिन्याचे चार दिवस. ती वही तिने कधी कुणाला दाखवली नाही. "तक्त्याबरोबर पाठव ना," असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाली, "तुझ्या वडिलांची सही आहे तिथे."

मी महाडच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला असताना, पावसाळा सरल्यावर, पुण्याहून एक प्राध्यापक आले. पावसावर संशोधन करणारे, सज्जन गृहस्थ. हातात आलेखाच्या कागदाची लांब गुंडाळी. वडिलांनी कोट घातला. आईचा तिसरा दिवस होता, त्यामुळे चहा मी केला.

प्राध्यापकांनी गुंडाळी शाळेच्या बाकांवर उलगडली. ते म्हणाले, कोकणातल्या कितीतरी ठिकाणांच्या नोंदी मी तपासल्या, पण इतकी काटेकोर नोंद कुठे नाही. आणि म्हणूनच जे इतरत्र दिसत नाही ते इथे दिसतं. त्यांनी पेन्सिलीने दाखवलं. दर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी तुमच्या गावचा पाऊस चार दिवस अचानक कमी होतो. एवढा नियमितपणा म्हणजे चंद्राचाच परिणाम असणार. माझा निबंध लवकरच छापून येतोय. "मास्तर, तुमची तपश्चर्या आहे ही. निबंधात तुमचे आभार मानलेत."

"कर्तव्यच आहे," वडील म्हणाले.

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. कागदावर डोंगरासारख्या रेघा होत्या आणि त्यांच्यात ठरावीक अंतरावर खड्डे. ते खड्डे कोणाचे हे त्या खोलीत मला कळलं होतं, आणि बंद दाराच्या पलीकडे, मागच्या पडवीत बसलेल्या बाईला. वडिलांना कळलं होतं की नाही ते मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता एवढं आठवतं.

"एकाच वर्षाचा उलगडा होत नाही," प्राध्यापक म्हणाले. "हे मागचं एक वर्ष बघा, पावसाळ्याच्या चारही महिन्यांत एकही खड्डा नाही. चंद्राने सुट्टी घेतली जणू." तिथे त्यांनी लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं होतं.

त्या वर्षी माझा भाऊ आईच्या पोटात होता. आषाढ-श्रावणात नऊ महिन्यांतले मधले महिने होते आणि आईने एकही दिवस न चुकता पाऊस मोजला होता. भाऊ मार्गशीर्षात जन्मला आणि सहा दिवसांनी गेला. त्याचा फोटो नाही, जन्माचा दाखला नाही. त्याची नोंद जगात एकाच ठिकाणी होती, त्या आलेखावर, लाल प्रश्नचिन्हाखाली.

प्राध्यापक गेल्यावर मी मागे गेले. आई पदर तोंडात कोंबून हसत होती. "चंद्र म्हणे! ऐकलंस? मी चंद्र!" मीही हसले. मग तिने विचारलं, "आणि ते एक वर्ष म्हणाले ते कुठलं?" मी सांगितलं. तिने पदर तोंडातून काढला आणि नीट घडी करून खांद्यावर टाकला.  मग म्हणाली, "त्यांना कळवायला हवं. एवढा शिकलेला माणूस, उगाच भलत्याच मागे लागेल. आणि माझे आकडे आहेत ना. चार दिवसांचे खरे आकडे आहेत. ते घातले की सगळं सरळ होईल."

तिला बाकी काही नको होतं. नाव नको, आभार नकोत. तक्त्यातली भोकं बुजायला हवी होती.

तिने आधी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "काय सांगू त्यांना? कोणत्या तोंडाने सांगू?" आणि त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. मग आईने शिवलेली वही माझ्या हातात दिली. "तू लिही. तू सायन्सची आहेस."

मी महाडला कॉलेजच्या वाचनालयात बसून ते पत्र लिहिलं. पाच वेळा लिहिलं. खरी गोष्ट एका वाक्यात मावणारी होती: माझी आई पाऊस मोजते, पाळीच्या चार दिवसांत तिला यंत्राला शिवता येत नाही, तेव्हाचे आकडे चुकीचे आहेत आणि बरोबर आकडे सोबत जोडले आहेत. समोरच्या बाकावर मुलं बसलेली होती. पुण्याच्या प्राध्यापकांना मी तो शब्द कसा लिहू? मी लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे काही वेळा नेहमीची व्यक्ती नोंद घेऊ शकत नाही, त्या दिवसांचे आकडे सोबतच्या वहीप्रमाणे दुरुस्त करावेत.' सायन्सची मुलगी! वही जोडली, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकलं. वहीची नक्कल करून ठेवायचं मला सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

उत्तर आलं नाही. पुढचा पावसाळा सुरू झाल्यावर खात्याची जीप आली. पत्र पुण्याहून खात्याकडे गेलं होतं, वही मात्र त्याच्यासोबत नव्हती. जीपमधून एक साहेब उतरले, हातात छापील फॉर्म. तो आईचा चांगला दिवस होता, ती दारात उभी होती. मी घरीच होते. गडग्यापाशी चारसहा माणसं जमली, भाजीवालीही होती.

"नोंदी कोण घेतं?" साहेबांनी विचारलं.

"मी," वडील म्हणाले.

साहेबांनी पेल्यात लोट्याने पाणी ओतलं आणि पेला वडिलांच्या हातात दिला. "वाचा." वडिलांनी पेला उंच धरला, मान वर केली आणि आकडा सांगितला.

"कड नव्हे, तळ," आई दारातून म्हणाली. तिला राहवलंच नाही. तिने उतरून पेला वडिलांच्या हातातून घेतला, फळीवर ठेवला, गुडघ्यावर बसली आणि आकडा सांगितला. साहेबांनी वाकून बघितलं. आकडा बरोबर होता.

"म्हणजे नोंदी तुम्ही घेता."

"हो. चार दिवस सोडून."

"कोणते चार दिवस?"

त्यांनी सरळ विचारलं होतं. त्या प्रश्नाला उत्तर दिलं असतं तर कदाचित सगळं वाचलं असतं. आईने वडिलांकडे बघितलं. वडील ओट्याकडे बघत होते. मग तिने माझ्याकडे बघितलं, कारण मी शिकलेली होते, कारण तो शब्द मला तरी उच्चारता येईल असं तिला वाटलं असेल. गडग्यापाशी माणसं होती. जीपचा ड्रायव्हर विडी ओढत ऐकत होता. मी मान खाली घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साहेबांनी पेन उघडून आईकडे पुन्हा एकदा बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. मग त्यांनी फॉर्मवर लिहिलं.

महिन्याभराने कागद आला. नेमलेल्या निरीक्षकाऐवजी दुसरीच व्यक्ती नोंदी घेत असल्याने आणि नेमक्या कोणत्या नोंदी सदोष आहेत हे सांगता येत नसल्याने या केंद्राच्या सर्व वर्षांच्या नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. केंद्र बंद. सुक्याबरोबर ओलंही जळालं. पंधरा पेले आणि वर बारा, तेही गेलं. भाऊ पोटात असतानाचं ते न चुकलेलं वर्षही गेलं.

यंत्र न्यायला माणूस आला त्या सकाळी आई लवकर उठली. तिने चिंच लावून नळकांड्यावरचं हळदकुंकू घासून काढलं. सतरा वर्षांचं होतं, लवकर निघेना. "सरकारी वस्तू आहे, स्वच्छ द्यायला हवी," एवढंच म्हणाली. पेला तिने जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिला.

माझ्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एकदाच विचारलं, "ती वही परत मागशील?" मी पुण्याला दोन पत्रं टाकली. निबंध छापून आल्याचं पुढे कुणाकडून तरी कळलं. त्यातलं आमचं गाव नंतर वगळलं म्हणतात. वही कुठल्या टेबलाच्या खणात गेली देव जाणे. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पुस्तकातले सगळे शास्त्रज्ञ दाढीवाले होते, आणि प्रत्येक चित्र शिकवताना मला वाटायचं, यांच्या घरी मागच्या पडवीत कोण बसलं असेल? पण तासाला ते मी कधी बोलले नाही. मुलांपुढे तरी काय सांगणार होते?

डबा होता की, तो का नाही पुन्हा मांडला, असं मी आईला विचारलं होतं. "मोजून पाठवू कुणाला?" ती म्हणाली. डब्यात ती मीठ ठेवायला लागली.

पुढे तीन-चार वर्षांनी, श्रावणात मी घरी गेले होते. रात्रभर घाटात पाऊस कोसळत होता. सकाळी साडेआठच्या सुमारास आई पडवीच्या कडेला उभी राहून रिकाम्या ओट्याकडे बघत होती. मला म्हणाली, "पाळी गेली माझी. सहा महिने झाले." तिने ते पाऊस थांबल्याचं सांगावं इतक्या साधेपणाने सांगितलं. "आता महिन्याचे सगळे दिवस मोजता आले असते गं."

गडग्यापाशी भाजीवाली येऊन थांबली होती. डोक्यावर टोपली, टोपलीवर इरलं.

"मास्तरीनबाय, आज जाऊ काय गो म्हाडला?"

आईने पावसाकडे बघितलं, मग ओट्याकडे.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

भाजीवालीने टोपलीवरचं इरलं नीट केलं आणि ती महाडच्या रस्त्याला लागली.